केशवराजाची टाचणी

वसमतहून निघायच्या आदल्या सकाळी बंडोपंतांनी गाभाऱ्याची किल्ली जानव्यातून सोडली, आणि पुतण्याच्या हातात ठेवण्याआधी त्याच्याकडून शब्द घेतला. अद्वैत ओल्या सोवळ्यात उभा होता. उंबऱ्याबाहेर बंडोपंतांच्या पत्नी ताराबाई फुलांची परडी धरून उभ्या होत्या. मी परत येईपर्यंत मूर्तीला कुणीही छिन्नी, लेप, मसाला काही लावायचं नाही, असं बंडोपंत म्हणाले. अद्वैतने केशवराजाच्या पावलावर हात ठेवला.

"काका, तुमी बिनघोर जा. देव आहे तसा भेटेल."

हे कार्तिकातलं. आता माघ संपत आला होता, आणि बंडोपंत पांढरे बूट घालून सिडनीच्या समुद्रकाठी उभे होते. मुलगा स्वानंद तिथे एका बांधकाम कंपनीत इंजिनियर होता. त्याने आईवडिलांना चांगलं सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. रविवारी कुठे ना कुठे हिंडायला न्यायचं, हा त्याचा नेम. या रविवारी त्याने किनाऱ्याची पायवाट काढली होती. बाँडाय नावाच्या पुळणीपासून कड्याकड्याने निघायचं ते थेट कूजीच्या पुळणीवर उतरायचं.

"समुद्र सगळा वेळ डाव्या हाताला," स्वानंद म्हणाला. "चुकायचं कामच नाही."

"लांब किती आहे ते सांग," ताराबाई म्हणाल्या.

"आई, आपल्या स्टँडावरून कारखान्याकडे निघालो असं धर."

"तिकडं पायी कोण जातं रे बाबा? तिकडं एसटी जाते."

सून अपर्णा हसली. ती नांदेडची, बोलायला मोकळी. "आई, नऊवारी घालायला हवी होती बघा. पाचवारीखाली हे बूट थोडे कमीच वाटतात. फोटो काढून तुमच्या भिशीला पाठवू का?"

"पाठव. म्हणावं, तारा शर्यतीत उतरली. पहिली आली तर पेढे वाटील."

बंडोपंतही हसले. या तीन-चार महिन्यांत त्यांना हसण्याची सवय लागली होती. सुरुवातीला फार जड गेलं. पहाटे डोळे उघडले की हात आपोआप जानव्याशी किल्ली शोधायचा. मग त्यांनी स्वतःपुरती एक वाट काढली. आंघोळ झाली की ते पूर्वेच्या खिडकीशी बसत, डोळे मिटत आणि मनातल्या मनात केशवराजाला न्हाऊ घालत. तेव्हा त्यांचे तळवे हवेत फिरत. कपाळावरून खाली, नाकाच्या दोन्ही अंगांनी, हनुवटीखाली. अपर्णाने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ती चहाचा कप हातात धरून दारातच थांबली होती.

दुपारी वसमतहून फोटो येई. तिकडे सकाळची पूजा आटोपली की अद्वैत गाभाऱ्याच्या दारातून केशवराजाचा फोटो काढून पाठवायचा. तो पाहिल्याशिवाय बंडोपंत जेवत नसत.

पायवाट सुरू झाली तसा वारा वाढला. खाली खडकात कोरलेला पोहण्याचा हौद होता आणि लाटा त्याच्या कठड्यावरून आत उडत होत्या. ताराबाईंनी उन्हासाठी डोक्यावरून सुती शाल घेतली होती. ती काही केल्या राहीना.

"अहो, ती टाचणी द्या ना जरा."

"कोणती?"

"तुमच्या खिशातली. चांदीची."

"देवाची आहे ती."

"मग मी काय खाऊन टाकते का? गळ्याशी लावते, उतरल्यावर देते."

"अगं, देवाच्या अंगावरची वस्तू माणसाच्या अंगावर चढवतात का?" बंडोपंत म्हणाले. ताराबाईंनी शालीचं टोक दाताखाली धरलं आणि त्या चालू लागल्या.

ही टाचणी सिडनीला आली ती चुकून. केशवराजाला रोज पागोटं बांधायचं, ही त्या देवळाची रीत. पाच हात कापड मूर्तीच्या माथ्यावरच घडी घालत, पीळ देत बांधायचं आणि शेवटचं टोक उजव्या कानावर टाचणीने अडकवायचं. डावा कान फुटका असल्याने तिथे काही ठरत नाही. टाचणी बंडोपंतांच्या आजोबांनी घडवून घेतलेली, तिच्या डोक्याशी गव्हाच्या दाण्याएवढा शंख. एकदा ती खाली पडून पाटाखाली चेंगरली होती, तेव्हापासून शंखाची एक बाजू चपटी झालेली. अशी दुसरी टाचणी नाही. किल्ली सोपवायच्या आधी बंडोपंतांनी शेवटचं पागोटं उतरवताना ती सवयीने बंडीच्या खिशाला टोचली, आणि ती त्यांच्यासोबत विमानात बसली. सिडनीला पोचल्यावर लक्षात आलं तेव्हा त्यांचा जीव खालीवर झाला. पण अद्वैतने फोनवर हसून सांगितलं, काका, माझं काही अडत नाही, मी तर शिवलेलं पागोटंच घालतो, टोपीसारखं बसतं. अद्वैतला बांधता येत नसे. त्याने तयार पागोटी शिवून आणली होती आणि त्यावरून काका-पुतण्यात वर्षभर धुसफूस चालली होती. तेव्हापासून टाचणी रुमालात गुंडाळून बंडोपंतांच्या खिशात राहिली.

पण त्या घरातलं खरं भांडण पागोट्याचं नव्हतंच. ते होतं देवाच्या तोंडाचं.

केशवराजाची मूर्ती काळ्या पाषाणाची, पुरुषभर उंच. किती पिढ्यांनी तिला दूध-दही-मध चोळलं याचा हिशेब कुणापाशी नाही. चोळून चोळून नाक बसलं, डोळ्यांच्या कडा गेल्या, ओठांची एक रेघ राहिली, तीही समई तिरपी धरली तरच दिसायची. सभामंडपात उभं राहणाऱ्याला पागोट्याखाली एक गुळगुळीत काळी अंडाकृती दिसे, बस. देवस्थानच्या मंडळींनी वज्रलेप करायचं ठरवलं. म्हणजे मूर्तीवर मसाल्याचा कठीण थर चढवायचा, त्यात नाकडोळे नव्याने घडवायचे. एकदा लेप चढला की मूर्तीला पाणी लावायचं नाही. अभिषेक पुढे ठेवलेल्या छोट्या पितळी मूर्तीवर करायचा.

बंडोपंतांनी नाही म्हटलं आणि किल्ली जानव्याला बांधून ठेवली. मंडळींनी जाणकार आणले, बंडोपंतांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की देवाला तोंड आहे. डाव्या डोळ्याखाली बोट टेकेल एवढा खोलगट भाग आहे, नाकपुडीच्या कडेला एक खरखर आहे, हनुवटी उजवीकडे किंचित जड आहे. विशीत वडिलांनी त्यांना आत घेतलं आणि त्यांचा हात आपल्या हाताखाली धरून त्या तोंडावरून फिरवला. वडिलांच्या वडिलांनी तसंच केलं होतं. हातातून हातात आलेली ही गोष्ट होती. अद्वैतचा हातही बंडोपंतांनी असाच फिरवला होता. धाकटा भाऊ गेल्यावर भावाच्या पाळीचे सहा महिनेही तेच सांभाळत होते, आणि ते सगळं एक दिवस अद्वैतच्या स्वाधीन करायचं होतं. स्वानंदचा हात त्यांनी फिरवला नाही. तो बारावीनंतर बाहेर पडला तो पडलाच.

ब्राँटी नावाच्या पुळणीवर हिरवळ होती. चौघे तिथे झाडाखाली बसले. ताराबाईंनी पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. शेजारी एक गोरं कुटुंब कोळशावर काहीबाही भाजत होतं.

"वास कशाचा येऊन राहिला?" बंडोपंतांनी विचारलं.

"विचारू नका अप्पा," अपर्णा म्हणाली. "तुम्ही वाऱ्याकडे पाठ करून बसा."

ते पाठ करून बसले आणि तेवढ्यात फोन वाजला. बंडोपंतांनी दशमी खाली ठेवली, बूट काढून बाजूला सारले, हात पुसले आणि फोटो उघडला. मग त्यांचा चेहरा असा खुलला की स्वानंदही बघत राहिला.

"हे बघा. हे बघा, अबोली पागोटं. हातानं बांधलंय."

स्वानंदने पाण्याची बाटली उघडली.

"आठवडाभर बघतोय मी. बोललो नाही, म्हटलं नजर नको लागायला. आधी शिवलेली टोपीच घालायचा रोज. अन् आता कसा पीळ घातलाय बघ. शेवटाला दोन घड्या, बराबर माझ्यासारख्या. कुणी शिकवलं याला? मी असताना हात लावायला तयार नव्हता पोरगा."

"शिकला असेल," स्वानंद म्हणाला.

"माणूस समोरून हलला की शिकतात लेकरं. माझंच चुकत होतं, मी सारखा मागं उभा राहायचो." त्यांनी फोटोला नमस्कार केला. "आता मी उद्या मेलो तरी काळजी न्हाई. पाळी सांभाळील तो. फोन लाव रे त्याला, शाबासकी देतो."

"आत्ता नको अप्पा, नैवेद्याच्या गडबडीत असेल. संध्याकाळी लावू," स्वानंद म्हणाला आणि उठलाच. "चला, ऊन वाढायच्या आत पुढचा चढ चढू."

ताराबाईंची दशमी अर्धी राहिली होती. तिची घडी करून त्यांनी ती पिशवीत टाकली. अन्न टाकून उठायची त्यांना सवय नाही, हे बंडोपंतांना दिसलं. पण उन्हाने भूक मेली असेल, असं त्यांना वाटलं.

चढ संपला तिथे कड्याच्या अगदी माथ्यावर दफनभूमी होती. पांढऱ्या दगडाचे क्रूस, पंखवाल्या मूर्ती, सगळं उतारावर समुद्राच्या अंगाला पसरलेलं. बंडोपंत थांबले.

"मेलेल्यांना एवढी हवेशीर जागा कशाला दिली रे?"

"इथं जागेचा भाव ऐकलात तर जिवंत माणूस पण आडवा होईल," अपर्णा म्हणाली.

बाकावर बसून त्यांनी पुन्हा फोन काढला. अद्वैतने शेवटचं टोक कसं अडकवलंय ते त्यांना बघायचं होतं. टाचणी तर इथे होती. टोक आत खोचलं असेल तर दुपारपर्यंत सुटणार, आणि तसं असेल तर शाबासकीसोबत एक सूचनाही द्यावी लागणार होती. अपर्णाने शिकवल्याप्रमाणे त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि उजव्या कानाशी आणला.

तिथे टाचणी होती.

पोराने नवी घडवून घेतली, हे त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं, आणि त्यांना बरंच वाटलं. त्यांनी फोटो आणखी मोठा केला. शंख दिसला. शंखाची एक बाजू चपटी होती.

बंडोपंतांनी खिशातून रुमाल काढून मांडीवर उलगडला. टाचणी रुमालातच होती. त्यांनी ती उचलून फोनशेजारी धरली. शंखाची तीच बाजू, तसाच चपटेपणा.

मग ते एकेक फोटो मागे नेत गेले. परवाचं जांभळं पागोटं, त्यावर टाचणी. त्याआधीचं हिरवं, त्यावरही तीच. त्याआधीचं केशरी, ते तर गेल्या पाडव्याचं, खाली गाठीची माळ दिसत होती. माघात पाडव्याची गाठी कुठून आली, हे त्या दिवशी आपल्याला कसं दिसलं नाही? पागोट्याच्या आनंदात त्यांनी गळ्याकडे पाहिलंच नव्हतं. ही सगळी पागोटी त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेली होती. आपल्याच हाताचं कौतुक ते गेला आठवडाभर करत होते.

"स्वानंद," त्यांनी हाक मारली. "अद्वैत मला जुने फोटो काहून पाठवून राहिला?"

"जुने? नाही हो. फोनमध्ये काहीतरी गडबड..."

"टाचणी माझ्या हातात आहे."

स्वानंदने टाचणीकडे पाहिलं, मग आईकडे. तो आधी आईकडे बघेल हे बंडोपंतांना अपेक्षित नव्हतं. त्यांनीही मान वळवली. ताराबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. शाल खांद्यावर पडली होती, आणि त्या ती उचलत नव्हत्या.

"गाभारा बंद आहे," ताराबाई म्हणाल्या. "कलश बाहेर ठेवलाय मंडपात. लेप झाला. आज डोळे उघडायचे आहेत."

म्हणजे काय, हे बंडोपंतांना कुणी सांगायला नको होतं. लेप चढवायच्या आधी मूर्तीतलं देवपण मंत्रांनी पाण्याच्या कलशात उतरवून घेतात, कारागिरापुढे नुसता दगड ठेवतात आणि काम झालं की डोळे उघडून देवपण परत मूर्तीत आणतात. गेला आठवडाभर पहाटे खिडकीशी बसून ते ज्याला न्हाऊ घालत होते, तो त्या जागी नव्हता.

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच."

"गल्लीत?"

"मांडव पडलाय आपल्या दारापुढं."

"आणि मला इथं बोलावलं ते?" ते स्वानंदकडे वळले. "घरात बाळंतपण न्हाई, आजारपण न्हाई, तरी सहा महिन्यांचं बोलावणं. मी आपलं गल्लीभर सांगत फिरलो, पोराला आमची आठवण येऊन राहिली म्हणून."

"आठवणही येत होती अप्पा."

बंडोपंतांनी त्याच्याकडे पाहिलं. स्वानंदने नजर समुद्राकडे वळवली. पण तो बोलत राहिला, कारण हे त्याने मनात बऱ्याचदा बोलून ठेवलं होतं. "मूर्ती संपत चालली होती. तुमच्याच हाताने संपत होती. रोजचं दही, रोजचं चोळणं. तज्ज्ञांनी तुमच्यासमोर सांगितलं, तुम्ही ऐकलं नाही. तुम्ही तिथं असताना कुणाची हिंमत नव्हती. तुम्हाला तकलीफ होऊ नये म्हणूनच तर..."

"तकलीफ." बंडोपंत म्हणाले. "मला न विचारता बाप मेल्याचं सुतक संपवलंत तुम्ही, अन् म्हणता तकलीफ होऊ नये."

"असं काय बोलता!"

"तू गप रे," ताराबाई म्हणाल्या. "त्यांना मी सांगते. ह्याचं पुढारपण माझं आहे. अद्वैत माझ्याकडे आला, मी स्वानंदला फोन केला. तिकिटं सहा महिन्यांची काढ, असं मीच म्हणाले; तीन महिन्यांत कारागीर अन् मुहूर्त जुळून काम उरकलं नसतं."

बंडोपंतांना वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. ताराबाईंचा आवाज रोजचाच होता. भाजीत मीठ किती टाकलं हे सांगताना असतो तसा.

"तू उंबऱ्यात उभी होतीस. त्यानं पायावर हात ठेवला तेव्हा."

"होते."

"आणि तुला माहीत होतं."

"होतं. तेव्हाच परडी हातातून पडेल असं वाटलं." त्यांनी शाल उचलून मांडीवर घेतली. "अहो, लग्न होऊन आले तेव्हापासून मी गंध उगाळते, हार करते, नैवेद्य शिजवते. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, बायकांनी टाकायचं नसतं. त्याचं काही नाही, सासूबाईंनी पण टाकलं नाही. पण मी कुणासाठी हार करते ते मला कधी दिसलं नाही. तुम्ही घरी येऊन सांगायचात, आज देव प्रसन्न दिसत होता, आज रुसलेला होता. मी हो म्हणायचे. मला काळा दगड दिसायचा. पागोट्याखाली काळा दगड. गल्लीतल्या सगळ्यांना तेवढंच दिसायचं. तोंड तुमच्या एकट्याच्या हाताला होतं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. तुमच्या लक्षात नाही. तुम्ही म्हणालात, श्रद्धा असली की दिसतं."

खाली लाट कड्यावर आदळून मागे गेली. बंडोपंतांना ते बोललेलं आठवलं नाही, पण आपण तसं बोललो असू, हे त्यांना पटलं. पटलं म्हणून आत जे तुटलं होतं ते जुळलं नाही. तिने मागितलं असतं आणि त्यांनी नाही म्हटलं असतं, तर ते भांडण झालं असतं. तसली भांडणं या संसारात कितीतरी झाली होती. पण तिने त्यांच्या बॅगेत स्वेटर भरले होते, विमानात त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं होतं आणि रोज दुपारी फोटो आला की शेजारी बसून विचारलं होतं, आज कोणतं पागोटं हो?

ते उठले आणि चालू लागले.

"अप्पा, इथून वर रस्ता लागतो," स्वानंद मागून म्हणाला. "टॅक्सी बोलावतो. घरी जाऊ."

बंडोपंत थांबले नाहीत. ज्या वाटेने आलो ती संपवल्याशिवाय घरी गेलं तर त्या घरात पाऊल टाकवणार नाही, एवढंच त्यांना कळत होतं. समुद्र डाव्या हाताला होता आणि चुकायचं कामच नव्हतं.

पुढे वाट कधी लाकडी पायऱ्यांनी खाली उतरायची, कधी झुडपांतून वर चढायची. अपर्णा झपाझप चालत त्यांच्या बरोबरीला आली.

"मला वाटलं होतं तुम्हाला सांगून ठरलंय," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात कळलं, तुम्हाला माहीतच नाही म्हणून. मी भांडले. पण तोपर्यंत कलश बाहेर आला होता."

"मग सांगायचं मला."

"हो. सांगायला हवं होतं."

निदान हिने पुढे काही जोडलं नाही. बंडोपंतांनी मान हलवली.

एका चिंचोळ्या खाडीत सिमेंटचे काठ बांधले होते आणि माणसं शिडी उतरून समुद्रात पोहत होती. एक म्हातारा, बंडोपंतांच्याच वयाचा असेल, पाण्यातून वर आला, काठावर बसला आणि दोन्ही तळव्यांनी स्वतःचं तोंड निपटून काढलं. कपाळावरून खाली, नाकाच्या अंगांनी, हनुवटीखाली. बंडोपंत बघत राहिले. मग त्यांनी आपले हात पुढे धरले. डाव्या डोळ्याखालची खोलगट जागा, ती अजून हाताला आठवत होती. नाकपुडीची खरखर आठवत होती. पण रोज पाणी घेऊन त्या तोंडावरून हात फिरला नाही, तर हे हाताला किती दिवस आठवेल? आणि नंतर ते कुणाच्या हातात द्यायचं? अद्वैतचा हात फिरवला होता. त्या हाताने काय केलं ते आजच समजलं.

कूजीला पोचले तेव्हा ताराबाई बऱ्याच मागे राहिल्या होत्या. स्वानंद त्यांचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवत होता. खाली आल्या तशा त्या पुळणीच्या कठड्यावर बसल्या आणि त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. बंडोपंत चार हात अंतर ठेवून उभे राहिले.

स्वानंदचा फोन वाजला. त्याने पडद्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं.

"अद्वैत आहे. मी त्याला कळवलं मघाशी. बोलता?"

बंडोपंतांनी हात पुढे केला. पडद्यावर अद्वैतचा चेहरा आला, घामाने डबडबलेला, कपाळावर गंध. मागे सनईची रेकॉर्ड लागली होती आणि माणसांचा कालवा होता.

"काका, पाया पडतो. काका, माफ करा. तुमी म्हणाल ती शिक्षा..."

"शब्द कुठं दिला होतास?"

अद्वैतने उपरण्याने घाम पुसला.

"अद्वैता, मी विचारून राहिलो."

"पायावर हात ठेवून, काका."

"त्या पायाला लेप लावला?"

"हो. सगळ्या अंगाला आहे."

"मग तुझा शब्द त्याच्या खाली गेला. आता कुणाला दिसायचा न्हाई. तू बिनघोर राहा."

अद्वैतने डोळे पुसले. तो वाईट मुलगा नव्हता, आणि हीच गोष्ट बंडोपंतांना त्या क्षणी सर्वांत कठीण गेली. "काका, एकदा बघा तरी. आत्ताच डोळे उघडले. आख्खी गल्ली रडली," असं म्हणत त्याने फोन फिरवला.

गाभाऱ्यात भरपूर उजेड होता. केशवराजाला टपोरे डोळे होते, सरळ नाक होतं, ओठांवर हसू होतं. दोन्ही कान शाबूत होते. सुंदर होता. आपल्या घरात आपण नसताना कुणी पाहुणा राहायला आला आहे आणि दार उघडून आपल्यालाच या म्हणतो आहे, असं बंडोपंतांना वाटलं. त्यांनी त्या तोंडावर जुनं तोंड शोधून पाहिलं. डाव्या डोळ्याखाली गाल भरून आला होता.

ताराबाई कठड्यावरून उठून केव्हा शेजारी आल्या ते त्यांना कळलं नाही. त्या पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी हात जोडले. ओठ हलले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, मध्ये पुसलं तर तेवढा वेळ दिसणार नाही म्हणून.

"आई गं," त्या हळूच म्हणाल्या. "किती गोड आहे हो."

बंडोपंतांनी फोन त्यांच्या हातात दिला.

पडद्यातून अद्वैतचा आवाज आला. "काका, आज पागोटं घातलं नाही. तुमी आल्यावर तुमच्याच हातानं बांधायचं, असं सगळ्यांनी ठरवलंय. टाचणी आहे ना तुमच्यापाशी? जपून आणा."

बंडोपंतांनी खिशातून रुमाल काढला. वारा होता म्हणून त्यांनी तो मुठीतच उलगडला आणि टाचणी दोन बोटांत धरली. ताराबाईंची शाल एका खांद्यावरून उडत होती.

"घे," ते म्हणाले. "शालीला लाव."

ताराबाईंनी पडद्यावरून नजर काढली. आधी टाचणीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. सकाळी ते काय बोलले होते, ते त्यांना आठवत होतं.

"अहो, नको," त्या म्हणाल्या. "ती देवाची आहे."

"घे. सकाळपासून शाल राहत न्हाई म्हणत होतीस."

त्यांनी हात पुढे केला नाही. तेव्हा बंडोपंत स्वतः जवळ गेले, शालीची दोन्ही टोकं गळ्याशी आणली, दोन घड्या घातल्या आणि टाचणी लावली. मग बोटाने एकदा ओढून पाहिलं. पक्की बसली होती.